मधाचे बोट आणि टाकलेली मान

‘मधाचे बोट लावणे’ हा वाक्प्रचार आपण थोडक्यात भागवण्यासाठी वापरतो. निवडणुकीआधीच्या आश्वासनांना तो हमखास लागू पडतो. ‘मान टाकणे’ हा दुसरा. उन्हाने रोपाने मान टाकली असे आपण सहज म्हणतो. पण तान्ह्या मुलाने मान टाकली असे कुणी म्हटले, तर पुढचे विचारायचे नसते. कोशात हे दोन्ही वाक्प्रचार ‘म’ अक्षराखाली, काही पानांच्या अंतराने येतात. एका आजाराच्या इतिहासात मात्र ते एकाच ओळीत येतात. तो आजार म्हणजे तान्ह्या मुलांचा बोट्युलिझम. (नावातल्या ‘बोटा’चा आपल्या बोटाशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज, आतड्यात मांस भरून केलेला पदार्थ. हा योगायोग मला अनेक दिवस गमतीचा वाटत होता. आता तितका वाटत नाही.)

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहतो. शाहूवाडीचे मलकापूर वेगळे, बुलढाण्याचे वेगळे. आमचे आगाशिव डोंगराच्या पायथ्याचे, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे. पोटासाठी हिशेब लिहितो आणि गेली वीसेक वर्षे बाळंतिणीच्या खोलीतल्या चालीरीतींची टिपणे ठेवतो. जखिणवाडी, कापील, गोळेश्वर, नांदलापूर अशा आसपासच्या गावांतल्या जुन्या बायकांना मी एकच प्रश्न विचारत आलो: बाळाच्या तोंडात पहिल्यांदा काय गेले? उत्तरे घराघराप्रमाणे बदलतात. कुठे सोन्याची अंगठी मधात बुडवून जिभेला लावत, कुठे मध आणि तूप, कुठे मधात एरंडेलाचे दोन थेंब, कुठे नुसते गुळाचे पाणी. अंगठी नसेल तर शेजारणीची मागून आणत. चिकाचे दूध मात्र जवळपास सगळीकडे पिळून टाकत. ‘जड पडतं’ एवढेच त्याचे कारण सांगितले जाई.

ही चाल किती जुनी, हे शोधणे अवघड नाही. जातकर्म हा सोळा संस्कारांतला जन्माच्या वेळचा संस्कार. आश्वलायन गृह्यसूत्रात इतर कुणी मुलाला स्पर्श करण्यापूर्वी सोने उगाळलेले तूप-मध सोन्यानेच चाटवायला सांगितले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाळ कापण्याआधी सोने, मध आणि तूप यांचे प्राशन आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात या संस्काराचे तपशील सूत्रासूत्रानुसार मांडले आहेत आणि उपनयन व विवाह वगळता बहुतेक संस्कार आता विस्मरणात गेल्याची नोंदही केली आहे. आमच्या भागापुरते मी त्यात एवढीच भर घालीन की मंत्र विसरले गेले, पुरोहित गेला, बापाचे काम आजीकडे आले आणि मध तेवढा जागेवर राहिला. ज्या घरांत गृह्यसूत्राचा वारा कधी शिरला नाही, तिथेही तो आहे. तेव्हा सूत्रकारांनी घरातलीच चाल उचलून तिला मंत्र जोडले असावेत, असा माझा तर्क आहे.

वैद्यकाच्या ग्रंथांत याची दोन वेगळी रूपे दिसतात आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. चरकाच्या शारीरस्थानात मंत्रून दिलेले मध-तूप चाटवल्यावर लगेच त्याच दिवशी आईचा उजवा स्तन बाळाला द्यायचा आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात मात्र बाईला दूध तीन-चार रात्रींनी येते, असे कारण देऊन तोवर मध-तूप आणि वनस्पतींनी सिद्ध केलेले तूप चालवले आहे. आमच्याकडच्या आज्या चरकाच्या बाजूने नाहीत, सुश्रुताच्या बाजूने आहेत. पहिले तीन दिवस दूध नाही, म्हणून मध. चीक टाकून देण्याला आणि मध देण्याला असा एकमेकांचा आधार होता.

त्याच सुश्रुताने सूत्रस्थानात मधाविषयी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. माश्या नाना प्रकारच्या फुलांवरून, विषारी फुलांवरूनही रस आणतात, म्हणून मधाला विषाचा अन्वय असतो आणि तो उष्ण करून घेऊ नये. कारणमीमांसा आजची नाही. पण माशी जिथे बसते तिथले काहीतरी पोळ्यात येते, एवढे निरीक्षण त्या माणसाने केले होते.

सातारा जिल्ह्यात मधाविषयी लिहायचे तर महाबळेश्वर टाळून चालणार नाही. आमच्या डोंगरातली पाळता येणारी माशी ती सातेरी, आग्या कड्यावर आणि उंच झाडावर पोळे लावते, ती पाळता येत नाही, फुलोरी झुडपात. महाबळेश्वर-जावळीच्या जंगलात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध निघतो आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणाऱ्या कारवीचा. पोळे पिळून मध काढण्याऐवजी पेटीत सातेरी पाळण्याचे शिक्षण इथे स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झाले, सहकारी संस्था उभी राहिली, राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातले मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आमच्याकडे मुंबईहून येणारा पाहुणा परतताना मधाची बाटली नेतो आणि ‘अस्सल आहे ना?’ असे विचारतो.

या लेखापुरते अस्सलपणाने काही साधत नाही, हे इथेच सांगून टाकतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू जगभरच्या मातीत आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो कवच धारण करून बीजाणूच्या रूपात झोपून राहतो. माती, धूळ, पाणी यांतून तो माशीबरोबर पोळ्यात जाऊ शकतो. मधात पाणी कमी आणि आम्लता जास्त, त्यामुळे तिथे तो वाढत नाही, पण मरतही नाही. पाण्याच्या उकळीलाही तो दाद देत नाही. त्याला मारायला दाबाखालची १२१ अंश सेल्सियसची वाफ लागते. भेसळ नसलेला, जंगलातला, डोळ्यांदेखत काढलेला मधही यातून सुटत नाही. थोरांनी असा मध खाल्ला तर काही होत नाही, कारण थोरांच्या आतड्यात इतर जंतूंची इतकी दाटी असते की या पाहुण्याला पाट मांडायला जागा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या मुलाचे आतडे अजून रिकाम्या वाड्यासारखे असते. तिथे बीजाणू जागा होतो, वाढतो आणि विष तयार करतो.

ही साधी वाटणारी गोष्ट कळायला वैद्यकाला १९७६ साल उजाडावे लागले. त्याआधीचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे, तो भराभर सांगतो. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा एक डॉक्टर होता. तो कवीही होता आणि जर्मन साहित्यात त्याची ओळख कवी म्हणूनच जास्त आहे. खराब सॉसेज खाऊन पापण्या मिटत जाणाऱ्या, गिळता न येणाऱ्या, शेवटपर्यंत शुद्धीवर राहून गुदमरणाऱ्या रोग्यांची वर्णने त्याने १८२० आणि १८२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि ते विष स्वतः चाखूनही पाहिले. त्या विषाचा कधीतरी औषध म्हणून उपयोग होईल असा त्याचा अंदाज होता. आज सुरकुत्या घालवायला टोचतात ते बोटॉक्स म्हणजे त्याच्या अंदाजाचे जरा विचित्र फळ. पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल या गावी एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी डुकराचे खारवलेले मांस खाल्ले आणि त्यांतले तिघे मेले. एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून जंतू वेगळा काढला. तेव्हापासून नियमच झाला: विष आधी अन्नात तयार होते, माणूस ते खातो आणि आजारी पडतो. डबाबंद ऑलिव्ह, घरी भरलेल्या बरण्या, सुकवलेले मासे या सगळ्यांना हा नियम लागू पडला. साहजिकच फक्त दूध पिणाऱ्या मुलाला हा आजार होईल, असे कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

१९७६ साली कॅलिफोर्नियात काही तान्ही मुले एकापाठोपाठ रुग्णालयात आली. ताप नाही, मार नाही, विषारी काही खाल्लेले नाही. पण मुले चिंधीसारखी सैल पडलेली. पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या नसा-स्नायूंची विद्युत तपासणी केली, तेव्हा आलेख बोट्युलिझमसारखा निघाला. त्याच वर्षी थॅडियस मिड्युरा आणि स्टीफन आर्नॉन यांनी अशा मुलांच्या शौचात जंतू आणि त्याचे विष दोन्ही दाखवले. विष बाहेरून आले नव्हते, ते मुलाच्या आतड्यातच तयार होत होते. १९७९ साली आर्नॉन, मिड्युरा आणि सहकाऱ्यांनी मधाचा धागा प्रसिद्ध केला. मुलाला चाटवलेल्या मधाच्या बाटलीत सापडलेला जंतू आणि मुलाच्या शौचात सापडलेला जंतू एकाच प्रकारचा निघत होता.

यात एक बारकी अडचण होती. मध हा बद्धकोष्ठावरचा घरगुती उपाय आहे, आपल्याकडे आणि तिकडेही. आणि बद्धकोष्ठ हे या आजाराचे पहिले लक्षण आहे. मग मधामुळे खडा झाला, की खडा झाला म्हणून मध दिला? हा प्रश्न बाटलीतल्या आणि लंगोटातल्या जंतूंचा प्रकार जुळवून सुटला. इतिहासाच्या अभ्यासात अशी बाटली क्वचितच शिल्लक राहते.

मला त्या वर्षीच्या आणखी एका शोधनिबंधाने गुंतवले. १९३१ सालच्या कॅलिफोर्नियातल्या एका बाळाचा आजार जुन्या नोंदींत साध्या, अन्नातून झालेल्या बोट्युलिझमच्या खात्यावर टाकलेला होता. आर्नॉन आणि सहकाऱ्यांनी कागद पुन्हा वाचले आणि तो खरे तर तान्ह्या मुलांचा बोट्युलिझम होता, असे १९७९ साली दाखवून दिले. म्हणजे आजार नवा नव्हता, त्याच्यासाठी खाते नव्हते. हिशेबनिसाला हे लगेच पटते. वहीत खाते उघडलेले नसेल तर रक्कम ‘किरकोळ’मध्ये जाते आणि वर्षअखेर कुणी तिच्याकडे बघत नाही.

आपल्या वहीत काय होते ते पाहा. मुंबई इलाख्यात गावचा पाटील-कुलकर्णी जन्म-मृत्यूची नोंद करी. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले: पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, इजा आणि शेवटी ‘इतर सर्व कारणे’, पुढे त्यांत प्लेगची भर पडली. तान्ही मुले मुख्यतः तापाच्या आणि ‘इतर’च्या रकान्यात जात. बाळंतिणीच्या खोलीतली वही वेगळीच होती. तिथे आकडी होती, डबा होता, दृष्ट होती, पाचवीच्या रात्री येऊन कपाळी लिहिणारी सटवाई होती, आणि धनुर्वात होता.

धनुर्वात हा या आजाराचा सख्खा भाऊ आहे. त्याचा जंतूही त्याच क्लॉस्ट्रिडियम कुळातला, मातीतला, बीजाणू करून झोपणारा. विळ्याने किंवा पात्याने नाळ कापली, वर राख-शेण लावले की तो नाळेतून शिरे आणि सातव्या-आठव्या दिवशी बाळ ताठ होऊन जाई. इटलीतल्या पादुआ इथल्या संशोधकांनी १९९२ साली दाखवले की धनुर्वाताचे विष आणि बोट्युलिझमचे ‘बी’ प्रकारचे विष चेतापेशीतल्या एकाच प्रथिनाला एकाच जागी कात्री लावतात. फरक जागेचा आहे. धनुर्वाताचे विष मज्जारज्जूत जाऊन आवर घालणारे संदेश तोडते, म्हणून शरीर धनुष्यासारखे ताणते. बोट्युलिझमचे विष नस आणि स्नायू भेटतात त्या टोकालाच बसते, स्नायूला निरोप पोचत नाही आणि शरीर ओल्या फडक्यासारखे लोंबते. पहिला भाऊ डोळ्यांत भरणारा, म्हणून त्याला आपल्याकडे जुने नाव आहे. गरोदर बायकांना लस आणि दवाखान्यातले बाळंतपण यांनी त्याला हटवले. २०१५ साली भारत माता व नवजात धनुर्वातातून मुक्त ठरला. दुसऱ्या भावाला मराठीत नावच नाही.

नाव नसले तरी लक्षणे मराठीत नीट सांगता येतात, आणि निदानाची निम्मी लढाई तिथेच आहे. मूल बहुधा दोन ते चार महिन्यांचे असते. आधी तीन-चार दिवस शी होत नाही. मग ते अंगावर नीट ओढत नाही. कित्येकदा हे आधी आईच्या शरीराला कळते: पान्हा साचून स्तन दाटतात, दुखू लागतात. रडणे बारीक होते. चेहरा कोरा होतो. आई म्हणते, हसत नाही, ओळख देत नाही. पापण्या जड होतात आणि लोक समजतात की मूल गुंगीत आहे, पण ते जागे असते. लाळ गिळत नाही, ओठांच्या कडेने गळते. मग मान. दोन महिन्यांत धरू लागलेली मान पुन्हा सुटते. त्यानंतर हात, पाय आणि सगळ्यात शेवटी श्वास. अशक्तपणा वरून खाली उतरतो, ताप नसतो. ‘मान टाकणे’ हा आपल्याकडे अखेरचा शब्द. या आजारात तो मधला टप्पा आहे, आणि त्याच्या पुढेही बऱ्याच गोष्टी करता येतात.

डॉक्टर डोळ्यांत उजेड मारून पाहतात. बाहुली पहिल्यांदा आकसते, पण मिनिट-दोन मिनिटे पुन्हा पुन्हा उजेड मारला की थकते, मंद होते. नसेला भराभर विजेचे टोले दिले की स्नायूचा प्रतिसाद वाढत जातो, हीसुद्धा एक खूण. पक्का पुरावा मात्र शौचातच मिळतो, आणि मुलाला शीच होत नसते. म्हणून निर्जंतुक पाण्याचा छोटा एनिमा देऊन नमुना मिळवावा लागतो. त्याचा गाळून घेतलेला अर्क उंदराच्या पोटात टोचतात. विष असेल तर उंदराला श्वास ओढताना कष्ट होतात आणि त्याची कंबर गांधीलमाशीसारखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्या उंदराला अर्काबरोबर ‘ए’ प्रकारचे प्रतिविष, तिसऱ्याला ‘बी’चे दिलेले असते. जो वाचतो तो विषाचा प्रकार सांगतो. शंभर वर्षांपूर्वीची वाटावी अशी ही चाचणी कित्येक दशके या निदानाचे प्रमाण मानली गेली आहे. तिला एक ते चार दिवस लागतात, म्हणून उपचार निकालासाठी थांबवत नाहीत. निदान खाटेजवळच, नुसत्या पाहण्याने आणि विचारण्याने करायचे असते.

उपाय दोन आहेत. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाने लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडांचे औषध तयार केले. २००३ च्या ऑक्टोबरात त्याला परवानगी मिळाली आणि त्याने रुग्णालयातला सरासरी मुक्काम ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर आणला. एका मात्रेची किंमत पंचेचाळीस हजार डॉलरांच्या वर. दुसरा उपाय म्हणजे कृत्रिम श्वास, नळीने दूध आणि धीर. विषाने बंद पडलेली टोके दुरुस्त होत नाहीत, पण नस नवे धुमारे फोडते आणि काही आठवड्यांत मूल पुन्हा मान धरते. चांगल्या रुग्णालयात पोचलेली मुले बहुतेक सगळी वाचतात.

यातून जो निष्कर्ष निघतो तो मला अस्वस्थ करतो. आमच्या मलकापुरात १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी मोठे रुग्णालय आहे, तान्ह्या मुलांसाठी कृत्रिम श्वासाची सोय आहे. असे सैल पडलेले मूल अशा कुठल्याही रुग्णालयात वेळेवर पोचले, तर निदान न होताही ते वाचू शकते, आणि कागदावर दुसरेच काही लिहिले जाऊन घरी जाऊ शकते. सैल मुलाची दुसरी कारणे आपल्याकडे भरपूर आहेत. जमिनीवर झोपणाऱ्या घरांत मण्यार चावलेली असू शकते. तिचे विषही नसेच्या त्याच टोकावर बसते आणि पापण्या तशाच मिटतात. शेतातल्या औषधाची बाधा असू शकते. रक्तातला जंतुदोष तर सगळ्यांत जास्त. गिया-बारे सिंड्रोमही आहे. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या परिसरात त्याची साथ आल्यापासून हे नाव पुणे-साताऱ्यात घरोघर माहीत झाले. तो सहसा पायांकडून वर चढतो, हा वरून खाली उतरतो. पण दोन महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत आई पायांकडे आधी पाहते की चेहऱ्याकडे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

पोलिओच्या मोहिमेने तर याबाबत एक विलक्षण गोष्ट करून ठेवली. १९९७ पासून पंधरा वर्षांखालच्या, अचानक लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाची खबर द्यायची पद्धत देशभर बसली. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून पाठवायचे; आपल्या भागासाठी मुंबईतले विषाणू संशोधन केंद्र. इतकी काटेकोर पद्धत आपल्या आरोग्याच्या इतिहासात क्वचितच राबवली गेली. २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण त्या नमुन्याला विचारलेला प्रश्न पोलिओच्या विषाणूचा होता. लुळ्या मुलाचे शौच बर्फात गुंडाळून योग्य दाराशी पोचत होते, आणि त्यातल्या दुसऱ्या एखाद्या विषाविषयी कुणी विचारणे हे त्या मोहिमेचे काम नव्हते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि त्यावर घरीच उपचार करायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. त्यांनी शिकवलेल्या खुणांत रडणे बारीक होणे, ओढणे मंदावणे, मूल मलूल होणे या होत्या. एखाद्या गावच्या बाईने या खुणांवरून मूल वाचवणे, हा मला महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शोध वाटतो. खुणा मात्र दोन आजारांच्या सारख्याच आहेत, आणि जंतुदोषावरचे जेंटामायसिन व त्याच्या कुळातली औषधे बोट्युलिझममध्ये अशक्तपणा वाढवतात, कारण तीही नस-स्नायूच्या त्याच सांध्यावर दाब आणतात. पहिल्या महिन्यात जंतुदोष इतका जास्त आणि हा आजार इतका विरळ की तिथे हिशेब सरळ आहे: औषध द्यायचेच. दोन-तीन महिन्यांचे, तापच नसलेले, आठवडाभर खडा झालेले मूल समोर आले की मात्र थांबून एक प्रश्न जास्त विचारावा लागतो.

भारतात हे विष ओळखले गेल्याचे एक ठळक उदाहरण गुजरातचे आहे. १९९६ च्या सप्टेंबरात तिथल्या एका निवासी शाळेतली ३४ मुले आजारी पडली, तिघे दगावले. संशय बेसनाच्या शेवेवर गेला. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शेवेतून जो जंतू निघाला तो बोट्युलिनम नव्हता, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम होता, आणि तो ‘ई’ प्रकारचे तेच विष तयार करणारा होता. असा ब्युटिरिकम जगात पहिल्यांदा सापडला होता तो इटलीतल्या दोन तान्ह्या मुलांच्या आजारात, १९८० च्या दशकात. दाराशी आलेला आजार ओळखणारे लोक आपल्याकडे आहेत, हे त्यातून दिसते.

जपानने मधाविषयीचा इशारा १९८७ सालीच दिला होता. तरीही २०१७ साली टोकियोत सहा महिन्यांचे एक बाळ गेले. वरच्या अन्नाची सुरुवात म्हणून त्याला रसात मध कालवून देत होते. हा त्या देशातला या आजाराचा पहिला मृत्यू. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: अमेरिकेत दरवर्षी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त मुलांना हा आजार होतो आणि त्यांतल्या बहुतेकांनी मध चाखलेला नसतो, बीजाणू धुळीतून येतो. धूळ थांबवता येत नाही. मध थांबवता येतो, एवढाच फरक.

आमच्या भागात जन्माच्या वेळचे बोट कमी होत चालले आहे. बाळंतपणे दवाखान्यात होतात, सहा महिने फक्त आईचे दूध हे आशाताई दारोदार सांगतात, चीक आता कुणी टाकत नाही. पण जन्मदिवसाचे ते एक बोट मला तितकेसे खटकत नाही, जितके दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातले रोजचे खटकते. बाळगुटीचे वेखंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून आईच्या दुधात देण्याची रीत. काही घरांत ती मधात देतात. आणि नवी भर म्हणजे सुवर्णप्राशन. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात पूर्वेकडे तोंड करून धुतलेल्या दगडावर सोने उगाळून मध-तुपातून चाटवायला सांगितले आहे. महिनाभराने मूल मेधावी होते, सहा महिन्यांनी ऐकलेले धरून ठेवते. नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली छापला गेला. आज पुष्य नक्षत्राच्या दिवशी त्याची शिबिरे गावोगाव भरतात आणि रांगेत कडेवरची तान्ही मुलेही असतात. सोन्याविषयी मी बोलत नाही. ओळखीच्या एका वैद्यांना मी मधाचे विचारले, तेव्हा ते म्हणाले की वर्षाखालच्या मुलाला ते नुसत्या तुपात देतात, ग्रंथ त्याने बुडत नाही. हे त्यांनी फलकावर लिहावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

राहता राहिला तो विचारायचा प्रश्न. वरचे काही दिले का, असे विचारले की घरची माणसे दूध, पाणी, पेज यांचा विचार करून ‘नाही’ म्हणतात. माझ्या टिपणवहीत हे इतक्या वेळा आले आहे की मी आता प्रश्नच दोनदा विचारतो. कापीलच्या एका आजींना, सुना-नातसुनांची मिळून अकरा बाळंतपणे ज्यांनी काढली त्यांना, मी विचारले, ‘‘आजी, पहिले तीन दिवस बाळाला काय द्यायचात?’’

‘‘काय न्हाई. दूध येस्तवर कायबी न्हाई.’’

‘‘आणि मध?’’

‘‘मध व्हय,’’ आजी म्हणाल्या, ‘‘त्यो तर द्यायाचाच की.’’